एचओए असलेलं घर घ्यावं की नको?

पाटपाणी

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात सहा वर्षं भाड्याने राहतोय, आता घर घ्यायचं ठरतंय. बघून बघून दोन घरांवर येऊन अडलोय. एक नव्या वसाहतीत आहे. तळं, स्विमिंग पूल, फिरायला वाट, सगळ्यांच्या विटा एका रंगाच्या, आणि वर्षाला ११०० डॉलर एचओएला. दुसरं १९७०च्या दशकातलं, मोठं अंगण, मागे पिकानचं (अक्रोडासारखं फळ) झाड, एचओए नाही. पण शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेत ट्रेलरवर बोट, आणि तिच्या बाजूला विटांवर चढवलेली एक गाडी, जी बहुतेक तिथेच रिटायर झालीय. नवरा म्हणतो पहिलं. मी म्हणते दुसरं.

भारतातल्या मंडळींसाठी : एचओए म्हणजे घरमालकांची संघटना. वसाहत वसवतानाच बिल्डर जमिनीच्या कागदांना नियमावली जोडून ठेवतो. घर घेतलं की तुम्ही सभासद झालातच, नको म्हणायची सोय नाही.

आता माझं कारण, हसू नका. आत्ताचं भाड्याचं घर अशाच वसाहतीत आहे. मागच्या ऑक्टोबरात घरमालकाने एचओएचं एक पत्र पुढे धाडलं. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसतो, दहा दिवसांत काय ते करा. पुरावा म्हणून रंगीत फोटो. फोटोत डबा होता कोपऱ्यात आणि मधोमध मी. गाऊनवर, केस तेलाने चप्प, हातात मग, कढीपत्त्याला पाणी घालताना. खाली तारीख आणि वेळ छापलेली. म्हणजे कुणीतरी गाडी थांबवून, काच खाली करून फोटो काढला आणि मला पत्ताच नाही. तो किती जणांनी पाहिला देव जाणे. डबा त्याच दिवशी आत घेतला, पण तेव्हापासून झाडांना पाणी घालायला जाताना मी ओढणी घेते.

ज्यांनी दोन्हीकडे राहून बघितलंय त्यांनी सांगा. आणि एक उपप्रश्न : बाबा इथे आले होते तेव्हा त्यांनी सिमेंटात स्वतः ओतून केलेलं साडेतीन फुटी तुळशीवृंदावन आहे. एचओएच्या वसाहतीत ते पुढच्या अंगणात चालेल का?

बिनपगारी खजिनदार

फोटोबद्दल खरंच वाईट वाटलं. पण मी पलीकडच्या बाजूचा माणूस. नॉर्थ कॅरोलायनात आमच्या २१२ घरांच्या वसाहतीत चार वर्षं एचओएच्या बोर्डावर, म्हणजे कार्यकारिणीवर होतो. पगार शून्य, शिव्या पोटभर.

लोकांना वाटतं वर्गणी म्हणजे गवताची उंची मोजणाऱ्यांचा पगार. आमच्याकडे सगळ्यात मोठा खर्च सामाईक जागेतली हिरवळ आणि झाडं, मग विमा, मग मॅनेजमेंट कंपनी, मग तळं. ते तळं बदकांसाठी नसतं हो. पावसाचं पाणी अडवून हळूहळू सोडायला लागतं, आणि त्याची देखभाल कायम वसाहतीनेच करायची या अटीवर गावाने बिल्डरला परवानगी दिलेली असते. गाळ साचतो, कधी ना कधी उपसावाच लागतो. आमचे आतले रस्तेही खासगी. खड्डा पडला तर गाव बघणार नाही. एचओए नको म्हणणाऱ्याने गाळ कोण काढणार ते आधी सांगावं.

आणि हुकूमशाहीचं म्हणाल तर, गेल्या वार्षिक सभेला २१२ पैकी १९ घरं आली. कोरम नाही. मग मी प्रॉक्सीचे (बदली मताचे) कागद घेऊन जोगवा मागत दारोदार. ज्यांनी दार उघडलं नाही त्यांच्याच ईमेल पुढे सगळ्यात लांब.

कातरवेळ

खजिनदारसाहेब, गाळ काढा की! गाळाबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. भांडण त्या बोज्याचं आहे. सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढतो तसा तुमच्या वर्गणीचा बोजा पहिल्या दिवसापासून घरावर बसलेला असतो. बँकेचा हप्ता एकही चुकलेला नाही, तरी वर्गणी थकली म्हणून एचओए घराचा लिलाव मागू शकते.

ह्यूस्टनकडच्या एका ओळखीच्या कुटुंबाचं सांगते. सासऱ्यांच्या आजारपणात दोघं आठ महिने सोलापुरात अडकले. इकडे ६०० डॉलर राहिले. रिकाम्या घराच्या पेटीत पत्रं साठत गेली. परत येऊन बघतात तर वकिलाची फी, पत्रांची फी, त्या फीवरचं व्याज धरून ३१००च्या वर. माफी मागायला फोन केला तर मॅनेजमेंट कंपनी म्हणे वकिलाशी बोला, आणि वकिलाशी बोलल्याचेही पैसे लागले. भरले बिचाऱ्यांनी. आपली माणसं भांडत नाहीत, भरतात, हे त्या कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे.

बोटवाल्याचा शेजारी

आयडीवरून कळलंच असेल. पाटपाणीताई, ते दुसरं घर घेऊ नका. आम्ही 'आपलं घर, आपले नियम' म्हणून एचओए नसलेलं घेतलं. पहिली दोन वर्षं स्वर्ग. मग डावीकडचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने ते शनिवार-रविवार पार्ट्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. रात्री दोनला ढोल वाजवल्यासारखा बास, सकाळी आमच्या गुलाबात बिअरचे डबे. उजवीकडच्यांच्या छपरावर गारपिटीनंतर टाकलेली निळी ताडपत्री तिसऱ्या वर्षीही तशीच, सुटलेलं टोक वाऱ्यावर रात्रभर फडफडतंय. घर विकायला काढलं तेव्हा येणारा प्रत्येक जण आमचं किचन बघायच्या आधी ती ताडपत्री बघायचा.

कातरवेळ

त्यासाठी शहर आहे ना! डॅलसमध्ये गवत १२ इंचांवर गेलं की शहराचीच नोटीस येते. आवाजाला पोलीस आहेत. वर आणखी एक खासगी सरकार कशाला?

बोटवाल्याचा शेजारी

फोन केलाय कधी शहराला? मी केलाय. तक्रार क्रमांक मिळतो, तो अजून जपून ठेवलाय. गवत ११ इंचांचं असेल तर तोही मिळत नाही.

कलमकसाई

थोडं कायद्याचं, कारण धागा भावनिक होत चाललाय. फक्त टेक्सासपुरतं बोलतो.

नुसत्या दंडापोटी एचओएला घराचा लिलाव करता येत नाही. वर्गणीपोटी करता येतो, पण कोर्टाचा आदेश लागतो आणि विक्री झाल्यावरही त्याची नोटीस टपालात पडल्यापासून १८० दिवसांत पैसे भरून घर सोडवता येतं. दंड लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, बहुतेक बाबतींत चूक सुधारायला मुदत, आणि ३० दिवसांच्या आत मागितलीत तर बोर्डापुढे सुनावणी. हे कुणी मागत नाही. मागा. मी एकदा ड्राइव्हवेवरच्या तेलाच्या डागासाठी मागितली होती. तीन बोर्ड सदस्य, मी, आणि टेबलावर डागाचा फोटो. दहा मिनिटांत दंड मागे.

सोलार पॅनल बसवू नका असं एचओएला म्हणता येत नाही, कुठे बसवा हे थोडंफार सांगता येतं. पावसाचं पाणी साठवायच्या पिंपाचंही तसंच. एक मीटरपर्यंतच्या डिशचं तर १९९६पासून केंद्राचाच नियम आहे. त्या आधी म्हणे लोक डिश झुडपात लपवायचे.

आता तुळस. २०११च्या टेक्सासच्या कायद्याने धार्मिक वस्तू लावायला परवानगी मिळाली, पण फक्त पुढच्या दारावर किंवा चौकटीवर, आणि एकूण २५ चौरस इंच. म्हणजे पाच बाय पाच. त्यात स्वस्तिक बसेल, तोरणाचं एक पान बसेल. २०२१ साली ही मर्यादा काढली. आता मनापासूनच्या श्रद्धेची वस्तू आपल्या आवारात कुठेही ठेवता येते. मात्र सामाईक जागेत नको, रस्त्यालगतच्या सेटबॅकमध्ये (मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात) नको, कुणाला इजा होईल अशी नको. वृंदावन बसतंय यात.

तोरणवाली

आमच्याकडे दिवाळीचे दिवे १५ नोव्हेंबरला 'मुदतीआधी लावलेल्या ख्रिसमस सजावटी'त धरले होते. मी उत्तरात लिहिलं, मुदतीआधी नाहीत, आमचे उतरवायला उशीर झालाय. परत पत्र आलं नाही.

कोथरूडकर

वाचून करमणूक झाली. हे सगळं इथेही आहे, फक्त हिरवळीऐवजी पॅसेजमधली चपलांची रॅक. आमच्या चेअरमनचाही असाच फोटो काढायचा छंद, तो थेट सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, वर 'सुज्ञांस सांगणे न लगे'.

पण एक फरक सांगतो, त्यावर कुणी बोललं नाही. माझा एक फ्लॅट भाड्याने दिलेला. सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस मनाला येईल तसे लावले. सरकारने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेऊ नका असं केव्हाच सांगून ठेवलंय. वार्षिक सभेत आदेशाची झेरॉक्स घेऊन उभा राहिलो, अध्यक्ष म्हणाले बसा खाली, चहा येतोय. मग उपनिबंधकांकडे अर्ज केला. सात महिने चपला झिजवल्या, पण जादाचे पैसे पुढच्या बिलांतून वळते झाले. वकील नाही, कोर्ट नाही. थकबाकीवरच्या व्याजालाही इथे मर्यादा आहे. तुमच्याकडे असा उपनिबंधक कोण?

कलमकसाई

टेक्सासात कुणीच नाही. एचओएवर देखरेख करणारं राज्याचं खातंच नाही. नेवाडात लोकपाल आहे. आमच्याकडे बोर्डाशी पटलं नाही तर कोर्ट, आणि तिथे गंमत अशी की बोर्डाचा वकीलही तुमच्याच वर्गणीतून.

कातरवेळ

कोथरूडकर, नेमकं बोट ठेवलंत.

आणि हे 'वसाहतीचा दर्जा राखणं' कुठून आलंय तेही बघा. घराच्या कागदांतच अटी घालायची ही रीत. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच अटींत लिहिलेलं असायचं, हे घर काळ्या माणसाला विकू नये. काही ठिकाणी आशियाईंनाही नाही, म्हणजे तुम्हा-आम्हाला. १९४८मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्टं अमलात आणू शकत नाहीत, आणि बंदी यायला १९६८ उजाडलं. जुन्या कागदांवर तो मजकूर अजून सापडतो.

बिनपगारी खजिनदार

इतिहास मान्य, लाज वाटावी असाच आहे. पण आमच्या बोर्डावर आज एक मराठी, एक तेलुगू, एक व्हिएतनामी बाई आणि दोन निवृत्त गोरे आहेत, आणि भांडण कुंपणाच्या रंगावर आहे. त्याचं काय करायचं?

तुम्ही बोर्डाच्या जुलमाचं बोलता, मी बोर्डाच्या भित्रेपणाचं बोलतो. फ्लोरिडात सर्फसाइडच्या १२ मजली इमारतीचा मोठा भाग २४ जून २०२१ला मध्यरात्रीनंतर कोसळला, ९८ माणसं गेली. १९८१ची इमारत, मालकांचीच संघटना. दुरुस्तीला सुमारे दीड कोटी डॉलर लागणार होते, आणि घरटी मोठी रक्कम भरायची म्हणून वाद घालण्यात वर्षं गेली. नंतर २०२२मध्ये राज्याने कायदा केला : तीन मजले आणि वरच्या अशा इमारतींची ठरावीक काळाने तपासणी, आणि मोठ्या दुरुस्त्यांचा निधी बाजूला ठेवायचाच.

मी खजिनदार झालो तेव्हा आमच्या राखीव निधीत रस्ते पुन्हा करायच्या खर्चाच्या एक चतुर्थांशही पैसे नव्हते. का, तर आधीच्या बोर्डाने सहा वर्षं वर्गणी वाढवली नाही. सगळ्यांचे लाडके होते. मी वर्षाला १४० डॉलर वाढवले आणि निवडणूक हरलो.

कातरवेळ

तो फ्लोरिडाचा कायदा बरोबरच आहे. पण पेन्शनवर जगणाऱ्यांवर एकदम हजारोंची बिलं आलीत आणि ते फ्लॅट विकून चाललेत. चाळीस वर्षं स्वस्तात राहिले कोण, आणि भरतंय कोण?

(आणि हरलात त्याबद्दल वाईट वाटलं. खरंच.)

बोटवाल्याचा शेजारी

आम्ही आता एचओएत राहतो. मागच्या आठवड्यात पत्र आलं, मेलबॉक्सच्या खांबाचा रंग उडालाय. रंग दिला. वीस मिनिटं लागली. रात्री शांत झोपलो.

पाटपाणी

सगळ्यांचे आभार, भांडणाऱ्यांचे जास्त.

काल रात्री नवऱ्याला बसवून नियमावली वाचली. काउंटीच्या वेबसाइटवर मिळाली, ६४ पानं. एजंटने वसाहतीच्या एचओएकडून रीसेल सर्टिफिकेटही मागवलंय. त्यात राखीव निधी किती, जादा वर्गणी मंजूर झालीय का, कोर्टात काही चालू आहे का, असं सगळं येतं म्हणे. खजिनदारांचं वाचल्यावर निधीचा आकडा मी आधी बघणार, पूल नंतर.

३८व्या पानावर नवऱ्याने पहिला गळा काढला : भाजीपाला फक्त मागे, कुंपणाआड. ४१व्यावर दुसरा : ड्राइव्हवेत गाडीचं बॉनेट उघडून काम करायचं नाही. ह्याचा रविवारचा एकमेव छंद! तेव्हापासून तो त्या बोटवाल्याबद्दल जरा आदराने बोलतोय. शनिवारी परत ते दुसरं घर बघायला गेलो तर बोटवाला बाहेरच होता. म्हातारा आहे, एकटा. गाडी मुलाची आहे म्हणाला. पुढे काही बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. पिकान गोळा करायला पिशवी दिली.

निर्णय नाही झालेला. सर्टिफिकेट आलं की बघू.

तोवर एकच विचारायचंय, ४४वं पान. 'अंगणातील शोभेच्या वस्तू २४ इंचांपेक्षा उंच नसाव्यात.' वृंदावन ४२ इंच, वर तुळस वेगळी. कलमकसाई म्हणतात ते धार्मिक वस्तूत येतं. मग आधी विचारायचं की सरळ ठेवून मोकळं व्हायचं?

कलमकसाई

ठेवा. कायदा तुमच्या बाजूने आहे.

बिनपगारी खजिनदार

आधी अर्ज करा. कायदा बाजूने असला तरी बोर्डावर बसलेला माणूस संध्याकाळी सातला दमून आलेला असतो, त्याला तुळस म्हणजे काय ते दोन ओळींत लिहून द्या. उंची लिहा, रस्त्यापासून किती फूट ते लिहा, फोटो जोडा.

गाऊनमधला नको.