ग्राहकाला द्यायच्या सीडीवर पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमचे इन्स्टॉलर घालावे का?

जांभ्याचा सडा, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. मी जमीनमोजणीचे आणि नकाशे तयार करण्याचे खाजगी काम करतो. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर दहा-बारा सहहिस्सेदारांची नावे असणे नवीन नाही, त्यामुळे वाटपापूर्वीची मोजणी झाली की तिचे नकाशे, पोटहिस्स्यांचा तक्ता आणि हद्दीच्या खुणांची छायाचित्रे प्रत्येक हिस्सेदाराला वेगवेगळी द्यावी लागतात. मुंबईकर मंडळी ईमेलवर समाधानी असतात, परंतु गावातील वडीलधाऱ्यांना कपाटात कागदांसोबत ठेवता येईल असे काहीतरी हातात हवे असते, म्हणून मी अजूनही सीडी देतो. सध्याच्या कामात अशा अकरा सीड्या द्यायच्या आहेत.

मागच्या खेपेला एका काकांचा फोन आला की सीडी कोरी निघाली. प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा सर्व फाइली जागेवर होत्या, पण त्यांच्या विंडोज 7 च्या संगणकावर पीडीएफ उघडणारा एकही प्रोग्रॅम नव्हता आणि प्रत्येक फाइलीपुढे नुसते कोऱ्या कागदाचे चिन्ह दिसत होते. सड्यावर रेंज नसल्यामुळे तिथल्या तिथे काही उतरवून घेणेही शक्य नव्हते. घरी येऊन मी ॲडोबीच्या संकेतस्थळावरून त्यांच्या रीडर या पीडीएफ उघडणाऱ्या प्रोग्रॅमचे इन्स्टॉलर, म्हणजे तो संगणकात बसवून देणारी फाइल, घेतले, दुसऱ्या सीडीवर टाकून त्यांच्याकडे पाठवले, तर तेही सुरू झाल्यावर इंटरनेटच मागू लागले.

असे इन्स्टॉलर सीडीवर घालून ग्राहकाला देण्याची परवानगी असते का, असल्यास नेमके कोणते घालावे, आणि सीडी आत सरकवताच ते आपोआप सुरू व्हावे अशी सोय करता येते का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खाडीकाठ, चिपळूण

आपल्याला मिळालेले इन्स्टॉलर हे केवळ निरोप्या होते. ती लहानशी फाइल स्वतः जाऊन उरलेला प्रोग्रॅम इंटरनेटवरून आणते, म्हणून सीडीवर तिचा उपयोग शून्य. पूर्ण इन्स्टॉलर वेगळे असते, ते ॲडोबीच्याच वितरणाच्या पानावर मिळते आणि त्याचा आकार आता शेकडो एमबी झाला आहे. आपली सीडी 700 एमबीची. तीत छायाचित्रेही बसवायची असतील तर हा हिशेब आधीच करून ठेवावा.

परवानगीचा मुद्दा मात्र अनेकजण गृहीत धरून चालतात. रीडर फुकट मिळतो याचा अर्थ तो वाटण्याचीही मुभा आहे असा होत नाही. वाटेत पडलेला आंबा उचलून खाल्ला तर कोणी काही म्हणत नाही, पण तोच पेटीत भरून वाशीला पाठवायचा म्हटला की बागवाल्याला विचारावे लागते. ॲडोबीकडे वितरणासाठी स्वतंत्र करार आहे, त्याला पैसे पडत नाहीत, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि इन्स्टॉलर आहे तसेच, त्यात काहीही फेरफार न करता द्यावे लागते. अकरा सीड्यांसाठी कोणी आपल्या दारात येणार नाही हे खरे असले तरी जो माणूस इतरांच्या हद्दी आखून देतो त्याने इथली हद्द ओलांडू नये असे मला वाटते.

आपोआप सुरू होण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सीडीच्या मुळाशी, म्हणजे कोणत्याही फोल्डरच्या आत नव्हे तर बाहेर, ऑटोरन डॉट आयएनएफ नावाची साधी मजकूर फाइल ठेवली की विंडोज 7 ती वाचून ‘हे चालवू का’ असे विचारते. पेनड्राइव्हसाठी ही सोय विंडोज 7 पासून बंद आहे, सीडीसाठी शिल्लक आहे. तरीही मी ती वापरणार नाही, कारण सीडी घालताच एखादा प्रोग्रॅम चालू व्हायला निघाला की सावध माणूस ती सीडी बाहेर काढतो, आणि ते योग्यच आहे.

काजूबाग, सावंतवाडी

माझे मत थोडे निराळे आहे. माझा छपाईचा व्यवसाय असल्यामुळे पीडीएफ हे रोजचे काम आहे, त्या अनुभवावरून सांगतो की ग्राहकाच्या संगणकात काही बसवावे लागू नये हीच खरी सोय. बसवायचे म्हटले की संगणकाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो, आणि घरातील संगणक मुलाने लावून दिलेला असेल तर तो पासवर्ड मुलाबरोबर पुण्याला गेलेला असतो.

विंडोज 10 पासून एज ब्राउझरच पीडीएफ उघडतो, त्यामुळे प्रश्न उरतो तो जुन्या यंत्रांपुरता. त्यांच्यासाठी सुमात्रा पीडीएफ पाहावा. त्याची पोर्टेबल आवृत्ती म्हणजे एकच एक्झी, म्हणजे थेट चालणारी, फाइल असते, ती बसवावी लागत नाही आणि आकाराने रीडरच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे. 32 बिटांची फाइल घेतल्यास ती 64 बिटांच्या विंडोजवरही चालते. कोणाकडे अजून विंडोज एक्सपी असेल तर त्यासाठी 3.1.2 ही शेवटची आवृत्ती आहे, त्यापुढच्या तिथे चालत नाहीत.

हा प्रोग्रॅम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, म्हणजे तो वाटायला कोणाला विचारावे लागत नाही, आणि सीडीचे पैसे घेतले तरीही हरकत नाही. मात्र अटी आहेत. परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो, आणि प्रोग्रॅमचा मूळ कोड एकतर त्याच सीडीवर द्यावा लागतो किंवा मागणी आल्यास तो पुरवू असे किमान 3 वर्षे लागू राहील असे लेखी वचन द्यावे लागते. आपण वचनाच्या भानगडीत पडू नये. त्याच आवृत्तीच्या कोडची झिप फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावी आणि मोकळे व्हावे. काका ती कधीही उघडणार नाहीत, पण आपल्या मागे देणे राहत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे पीडीएफ नीट तयार करावी. तक्ता श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल आणि तो फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत केलेला नसेल, तर दुसऱ्या संगणकावर ‘पोटहिस्सा’ या शब्दाच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा चिवडा दिसतो, मग प्रोग्रॅम कोणताही द्या. माझ्याकडे लग्नपत्रिका अशा अवस्थेत येतात तेव्हा निदान मुहूर्त फोनवर विचारून घेता येतो. क्षेत्रफळाचे आकडे कसे विचारणार? फाइल साठवताना पीडीएफ-ए हा प्रकार निवडावा. दीर्घकाळ जतन करायच्या कागदपत्रांसाठीचे हे आयएसओ 19005 मानक 2005 साली आले आणि त्यात सर्व फॉन्ट अंतर्भूत असणे बंधनकारक आहे. नकाशात वेगवेगळे थर ठेवलेले असतील तर 2011 ची पीडीएफ-ए-2 घ्यावी, पहिल्या आवृत्तीत थर चालत नाहीत.

जांभ्याचा सडा, रत्नागिरी

दोघांचेही आभार. एक शंका राहते. मी नकाशाच्या पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी करतो. ती सुमात्रामध्ये तपासता येईल का?

भरतीओहोटी, अलिबाग

स्वाक्षरीचे चित्र दिसेल, परंतु ती खरी आहे की नाही याची तपासणी सुमात्रा करत नाही. त्यासाठी ॲडोबीच्या रीडरसारखा प्रोग्रॅम लागतो, आणि रीडरमध्येही आपल्या स्वाक्षरीमागचे डिजिटल प्रमाणपत्र ग्राहकाच्या संगणकाला ओळखीचे नसेल तर पिवळे प्रश्नचिन्ह येते. ते पाहून ग्राहक घाबरतो आणि नकाशा बनावट आहे असे समजतो, प्रत्यक्षात प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याची नोंद एकदा करून दिली की ते चिन्ह जाते. ज्या हिस्सेदाराला हा नकाशा पुढे कुठे सादर करायचा आहे त्याला ही तपासणी करून दाखवावी. बाकीच्यांना केवळ पाहायचा असतो.

आता सीडीबद्दल, कारण तिच्याकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. विंडोजमध्ये सीडी लिहिताना ती पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेअरसाठी, असे विचारले जाते. दुसरा पर्याय निवडावा, पहिल्या प्रकारची सीडी काही जुन्या यंत्रांवर दिसतच नाही. फाइलींची नावे देवनागरीत द्यायची असल्यास ज्योलिएट या सीडीवर नावे नोंदवण्याच्या पद्धतीत 64 वर्णांची मर्यादा आहे, आणि तिथे काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘क्षेत्रफळ’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा, पण संगणकाच्या मोजणीत नऊ वर्णांचा आहे. त्यामुळे ‘गट क्रमांक अमुक मधील पोटहिस्सा तमुकचा अंतिम क्षेत्रफळ तक्ता’ अशी नावे टाळून ‘तक्ता’ आणि ‘नकाशा’ एवढेच लिहावे.

शेवटचे, पावसाळ्याचे. आपल्या दमट हवेत कापडी पाकिटात ठेवलेल्या सीडीवर दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीची नक्षी उमटते, ती मी स्वतःच्या कपाटात पाहिली आहे. कठीण डबीत घालून द्यावी, आणि वरच्या बाजूला बॉलपेनने काही लिहू नये, कारण माहितीचा थर त्याच बाजूला, अगदी पृष्ठभागाजवळ असतो.

खाडीकाठ, चिपळूण

पाण्याचे म्हणाल तर उलट अनुभव आहे. 2021 च्या जुलैमधील पुरात आमच्या दुकानातील हार्डडिस्का गेल्या, पण गाळात सापडलेल्या सीड्या स्वच्छ पाण्याने धुऊन, मधून कडेकडे पुसून वाळवल्या तर बहुतेक वाचता आल्या. बुरशी हा मात्र सावकाश खाणारा शत्रू आहे, त्याबाबत भरतीओहोटी यांच्याशी सहमत आहे.

जांभ्याचा सडा, रत्नागिरी

काल एक सीडी तयार करून पाहिली. मुळाशी ‘नकाशा’, ‘तक्ता’ आणि छायाचित्रांचे फोल्डर. दुसऱ्या फोल्डरमध्ये सुमात्रा, त्याचा परवाना आणि कोडची झिप. ऑटोरन ठेवलेले नाही. त्याऐवजी डबीत अर्ध्या पानाचा छापील कागद घातला आहे: फाइल उघडली नाही तर कोणत्या फोल्डरमधील कोणत्या चिन्हावर दोनदा टिचकी मारायची, मग उघडलेल्या खिडकीत नकाशा कसा ओढून टाकायचा. रीडर घातलेला नाही. ज्या दोन हिस्सेदारांना नकाशा सादर करायचा आहे त्यांच्याकडे मी स्वतः जाणार आहे.

सीडी घेऊन त्याच काकांकडे गेलो. नकाशा उघडला, त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि पूर्वेकडच्या बांधावरचा फणस कोणाच्या हिश्श्यात गेला असे विचारले. तो मी दाखवलाच नव्हता. आता आधी फणस, मग उरलेल्या दहा सीड्या.