"पंक्तीला घेतलं" म्हणजे नक्की काय?

आजीच्या तोंडी सारखं यायचं, "शेवटी त्यांना पंक्तीला घेतलं हो." मला वाटायचं जेवायला बोलावलं असेल. पण ती सांगताना डोळ्याला पदर लावायची, म्हणून विचारतेय, जेवणापेक्षा काही मोठं आहे का यात?

प्रतिसाद १
हो ताई, बरंच मोठं आहे. एखाद्या घराला वाळीत टाकलं की कुणी त्यांच्याकडे जेवायचं नाही, सोयरीक नाही, मयताला खांदा पण नाही. मग प्रायश्चित्त, दंड, आणि शेवटी सगळ्यांबरोबर पानावर बसवायचं, शेजारच्याने त्यांच्या हातचं वाढलेलं खाल्लं की झालं, परत घेतलं. म्हणून पंक्ती. "जातीत घेतलं", "गोतात घेतलं" पण म्हणतात. नेताजी पालकर धर्मांतरानंतर १६७६ मध्ये परत आले, त्यांनाही प्रायश्चित्त देऊनच परत घेतलं होतं.

प्रतिसाद २
आमच्याकडे कोकणात हा शब्द जुना झालेला नाही. आमच्या घराला वाळीत टाकलेलं तेव्हा मी सातवीत होतो, गणपतीत आरतीला एक माणूस आला नाही, आई एकवीस मोदक करून बसलेली. तुमच्या आजी का रडायच्या ते मला कळतं. आता २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, त्यामुळे कुणी "दंड भरा मग पंक्तीला घेतो" म्हणालं तर भरू नका, सरळ पोलिसात जा.

मूळ प्रश्नकर्ती
आईला आत्ताच फोन केला. आजीच्या माहेरचीच गोष्ट होती ती.