मदत हवी आहे: ट्रॅव्हल ट्रेलरमधल्या इन्व्हर्टरचं अर्थिंग

आम्ही अमेरिकेत आहोत. ट्रेलर छोटा, कॅम्पग्राउंडवरचं कनेक्शन १२० व्होल्ट, ३० अँपिअरचं. जिथे वीज नसते तिथे लॅपटॉप आणि मिक्सर (इथलाच, ११० व्होल्टचा) चालावा म्हणून १००० वॉटचा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर बसवतोय. बॅटरी १२ व्होल्टची लिथियम, १०० अँपिअर-अवर. पूर्ण लोडला शंभरेक अँपिअर ओढले जाणार, म्हणून केबल जाड आणि आखूड घेतली आहे, पॉझिटिव्हला बॅटरीजवळच १५० अँपिअरचा फ्यूज आहे. तिथे काही शंका नाही.

अडलंय ते अर्थिंगपाशी. इन्व्हर्टरच्या बॉडीवरचा अर्थचा स्क्रू तांब्याच्या वायरने चासीला जोडला, चासीचा रंग खरवडून, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. तरी सॉकेट टेस्टर ‘ओपन ग्राउंड’ (म्हणजे अर्थ जोडलेला नाही) दाखवतो. मल्टिमीटर लावला तर दोन्ही पिनांपासून अर्थपर्यंत साधारण ६०-६० व्होल्ट येतात. म्हणजे आतमध्ये न्यूट्रल अर्थला जोडलेला नाही.

ट्रेलरच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ वेगळेच ठेवायचे असतात, त्याला हात लावणार नाही. इन्व्हर्टर पॅनेलला जोडायचाही नाही. उपकरणं थेट त्याच्याच सॉकेटवर लावणार. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळही नाही, आणि काही इन्व्हर्टर बाहेरून न्यूट्रल-अर्थ जोडले की जळतात, म्हणून प्लगमध्ये जोड देऊन बघायची हिंमत होत नाही. घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे ‘चालतंय ना, मग राहू दे’ हे उत्तर नको.

आउटपुटच्या दोन्ही पिना अशाच फ्लोटिंग (अर्थला न जोडता) ठेवून वापरणं सुरक्षित आहे, की जीएफसीआय (करंटची गळती झाली की वीज तोडणारं उपकरण) नीट ट्रिप व्हायला न्यूट्रल-अर्थ जोड हवाच? आणि हवा असेल, तर हा इन्व्हर्टर तो सहन करेल हे जोडण्याआधी कसं तपासायचं?