‘यक्षांची देणगी’ निघालं तेव्हा वाचणाऱ्यांना कसं वाटलं असेल?

जॉबरचा_मुलगा:
गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत माळा आवरला. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत जयंत नारळीकरांचं विज्ञानकथांचं ‘यक्षांची देणगी’ सापडलं. १९७९ चं पुस्तक. वडील इथंच सोलापुरात गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. पाळीवरून आले की आधी पुस्तक, मग भाकरी. एका गोष्टीच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय, “गोष्ट हाय की शाळेचा तास?” शेजारी तेलकट बोटाचा ठसा. आज आपण ह्या पुस्तकांना डोक्यावर घेतो की ओ. तेव्हाही घेत होते का? वडील नाहीत आता, विचारू कुणाला?

पूर्वभाग_बे:
१९३८ ला अमेरिकेत रेडिओवर मंगळवाले उतरल्याचं नाटक लागलं, तर लोक घरं सोडून पळाले म्हणे. अजून काय पाहिजे बे?

निवृत्त_बाई:
त्या पळापळीला मीठमसाला वर्तमानपत्रांनी लावला. काही जण घाबरले, पण अख्खा देश रस्त्यावर आला नव्हता.

वडिलांचा शेरा मला आवडला. पुस्तकावर नाव मोठं असलं की लोक नावालाच माना डोलावतात, यांनी गोष्टीला जाब विचारला. ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही विज्ञानकादंबरी, १८१८ ला आली ती निनावी, प्रती ५००. एका समीक्षकानं सोलून काढलं. लेखक वॉल्टर स्कॉटनं वाखाणलं, पण ते कवी पर्सी शेलीचं समजून! लिहिणारी त्याची बायको मेरी, लिहायला बसली तेव्हा अठरा वर्षांची. नाव गाजलं ते १८२३ ला त्यावर नाटक आल्यावर.

नारळीकरांनी नाव मुद्दाम लपवलं. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ म्हणून. आद्याक्षरं उलटी वाचा, म्हणजे जयंत विष्णू नारळीकर कळेल. अक्षर ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. मोठा शास्त्रज्ञ म्हणून दिलं, असं म्हणायला कुणाला जागाच राहिली नाही.

तुमच्या पुस्तकात तेवढी ‘कृष्णविवर’ काढून बघा. तिथं काय शेरा आहे?

जॉबरचा_मुलगा:
बघितलं बाई. शेरा नाही. पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे, आणि कोपरा दुमडलाय. आईला दाखवलं तर म्हणाली, “चहा तसाच गार व्हायचा, मी दोनदा तापवायची.”