अनुभव धागा: फेज नॉइज मोजताना ऑसिलेटरच्या मॉड्युलेशन बँडविड्थने दिलेला चकवा

फेज नॉइज म्हणजे ऑसिलेटरच्या फेजमधली बारीक थरथर. ती मोजण्याच्या फेज डिटेक्टर पद्धतीत चाचणीचा आणि संदर्भाचा असे दोन्ही ऑसिलेटर एकमेकांशी 90 अंशांत धरून (लॉक करून) ठेवावे लागतात, आणि लूप, म्हणजे फीडबॅक सर्किट, ते काम संदर्भ ऑसिलेटरच्या ट्यूनिंग पिनला व्होल्टेज देऊन करतो. लूपच्या बँडविड्थमधला नॉइज त्यामुळे दाबला जातो व सॉफ्टवेअर तो हिशेबाने परत मिळवते. मात्र व्होल्टेज बदलताच ऑसिलेटर विनाविलंब प्रतिसाद देतो, असे त्या हिशेबात गृहीत धरलेले असते. हा प्रतिसाद किती हर्ट्झपर्यंत टिकतो, म्हणजेच मॉड्युलेशन बँडविड्थ किती, याचा उल्लेख डेटाशीटमध्ये अनेकदा सापडत नाही. ज्यांना ही अडचण आली आहे, त्यांनी शक्यतो आकड्यांसह लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

पुणे, चाचणी विभाग

10 मेगाहर्ट्झचे दोन ओसीएक्सओ (तापवून स्थिर ठेवलेले क्रिस्टल ऑसिलेटर) होते आणि लूपची बँडविड्थ 100 हर्ट्झ होती. आलेखात 40 हर्ट्झच्या आसपास 8 ते 9 डेसिबलचा उंचवटा दिसू लागला. प्रथम संशय विजेच्या लाइनवर गेला, म्हणून केबल बदलल्या, सगळी मांडणी बॅटरीवर चालवली आणि त्यात दोन दिवस गेले. वास्तविक लाइनचा त्रास 50 हर्ट्झवर सुईसारखा उभा राहतो, आणि हा उंचवटा पसरट होता. हे पहिल्याच दिवशी ध्यानात यायला हवे होते.

शेवटी लूप सोडवून ट्यूनिंग पिनला लहानशी साइन वेव्ह दिली आणि साइडबँड (मुख्य सिग्नलच्या दोन्ही बाजूंना उमटणारे सिग्नल) मोजले. व्होल्टेज तेवढेच ठेवून वारंवारता 10 वरून 100 हर्ट्झवर नेली, तर साइडबँड 20 डेसिबलने उतरायला हवेत; ते सुमारे 35 ने उतरले. झाकण उघडल्यावर पिनजवळ 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसला, म्हणजे साधारण 16 हर्ट्झचा फिल्टर! त्यामुळे लूपचा फेज मार्जिन (अस्थिर होण्यापासूनचे अंतर) जेमतेम 22 अंश उरला होता. लूप 3 हर्ट्झवर आणताच उंचवटा गेला. एवढ्या अरुंद लूपमध्ये लॉक टिकावा म्हणून आता दोन्ही ओसीएक्सओ आदल्या रात्रीपासून तापत ठेवते.

बंगळूर, व्हीसीओ रचना

वरील उपाय माझ्याकडे चालला नसता, कारण व्हीसीओ (व्होल्टेजने वारंवारता बदलणारा ऑसिलेटर) इतका सरकतो की रुंद लूपशिवाय लॉक धरतच नाही. आमच्या संदर्भ व्हीसीओची संवेदनशीलता 10 मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट होती आणि कुणीतरी सावधगिरी म्हणून ट्यूनिंग लाइनमध्ये 100 किलोओहम घातले होते. एक मीटर कोअॅक्स केबलचे सुमारे 100 पिकोफॅरड त्याला मिळाले, की 16 किलोहर्ट्झवर प्रतिसाद उतरू लागतो. त्याहून वाईट म्हणजे त्या रेझिस्टरचा स्वतःचा औष्णिक नॉइज, वर्गमूळ हर्ट्झला 40 नॅनोव्होल्ट, व्हीसीओला सतत हलवत होता. कॅरिअरपासून (मुख्य सिग्नलपासून) 10 किलोहर्ट्झवर केवळ त्याचाच वाटा उणे 92 डीबीसी (कॅरिअरच्या तुलनेत डेसिबल) प्रति हर्ट्झ इतका येत होता. त्या जागी 1 किलोओहम लावल्यावर बँडविड्थ शंभरपट झाली आणि हा वाटा जवळपास 20 डेसिबलने खाली गेला. बँडविड्थ मोजताना ऑसिलेटरसोबत केबलही मोजावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

ठाणे

सिग्नल जनरेटर संदर्भ म्हणून वापरताना लॉक वारंवार सुटत होता. एफएम इनपुट (जनरेटरची वारंवारता हलवणारे) एसी कपलिंगवर राहिले होते, म्हणजे स्थिर व्होल्टेज अडवले जात होते, त्यामुळे सावकाश होणारे सरकणे सावरणारे व्होल्टेज आत पोचतच नव्हते. डीसी कपलिंग करून प्रश्न सुटला. डेव्हिएशन (वारंवारता किती हलू द्यायची ती मर्यादा) मात्र गरजेपुरतेच ठेवावे, कारण आमच्या जनरेटरमध्ये ते वाढवले की त्याचा स्वतःचा नॉइजही वाढत असे.

नाशिक

माझ्या बाबतीत उंचवटा नव्हताच. उलट कॅरिअरजवळचा नॉइज विश्वास बसणार नाही इतका कमी दिसत होता. ट्यूनिंगची वायर काढली, तरी ऑसिलोस्कोपवर बीट (दोन वारंवारतांमधल्या फरकाची लाट) दिसेना, रेषा सपाटच राहिली. दोन्ही ऑसिलेटर मिक्सरमधून गळणाऱ्या सिग्नलमुळे परस्परांना थेट लॉक करत होते, आणि आम्ही लूपची बँडविड्थ बदलत बसलो होतो. दोन्ही बाजूंना आयसोलेशन अॅम्प्लिफायर आणि 10 डेसिबलचे अॅटेन्युएटर घातल्यावर वायर काढताच बीट उमटला. आधी तो एका बाजूला कललेला होता. ट्यूनिंग थोडे आणखी हलवल्यावर स्वच्छ साइन वेव्ह झाला, तेव्हाच कॅलिब्रेशन घेतले.