घर निरोगी आणि पर्यावरणपूरक करताना तुमच्याकडे काय टिकलं? (अनुभव धागा)

मंडळी, या विषयावर सल्ले भरपूर मिळतात, पण घरात प्रत्यक्ष केल्यावर कशाचं काय झालं हे फार कमी लोक सांगतात, म्हणून हा धागा. आरोग्यासाठी किंवा पर्यावरणासाठी घरात काय बदललंत, घरच्यांनी ते कसं घेतलं, आणि त्यातलं अजून काय चालू आहे ते लिहा. गोष्ट कितीही बारीक असली तरी चालेल.

सुरुवात मी करते. आमच्याकडे बदल सिंकखालच्या कपाटापासून झाला. फरशीचं वेगळं, काचेचं वेगळं, ओट्याचं वेगळं, संडासाचं वेगळं, वर ब्लीच आणि सुगंधी स्प्रे. सगळ्या बाटल्या बाहेर काढून मागची बारीक अक्षरातली लेबलं वाचत बसले तर संडासाच्या क्लीनरमध्ये ॲसिड, आणि तो बरोबर ब्लीचच्या शेजारी. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला (काही काचेच्या क्लीनरमध्ये असतो) की क्लोरामाइन तयार होतात. बंद बाथरूममध्ये हे दोन्ही वायू फुप्फुसांना घातक. हे प्लीज घरात साफसफाई करणाऱ्या प्रत्येकाला सांगा, कामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा, कारण "दोन्ही टाकलं की जास्त स्वच्छ" असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं.

आता आमच्याकडे भांड्यांचा साधा साबण, खायचा सोडा, व्हिनेगर आणि ब्लीचची एकच बाटली, ती वरच्या फळीवर. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील, फेस भरपूर येतो पण एक आम्ल एक अल्कली, एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते जवळपास पाणीच. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. सोडा घासायला, आणि नळावर पांढरे क्षार साठले की व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचं, नंतर जुन्या टूथब्रशने घासलं की क्षार निघून येतात. संगमरवराला मात्र व्हिनेगर लावू नका, दगडाची चकाकी जाते.

*

खूप गरजेचा धागा. आमच्याकडे कारण होतं मुलाचा दमा. औषधं चालूच आहेत आणि राहतील, हे आधीच सांगते, कारण घर बदललं म्हणून इनहेलर बंद करायचा नसतो. पण डॉक्टरांनी विचारलं की तो झोपतो त्या खोलीत काय काय आहे, आणि तिथून आम्ही कामाला लागलो.

धुळीतले माइट्स, म्हणजे दमा चिघळवणारे बारीक जीव, गादी, उशी आणि सॉफ्ट टॉइज मध्ये राहतात, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना ओलावा लागतो. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात, त्यात ते मरतात, गार पाण्यात बहुतेक जगतात. जे गरम पाण्यात टाकता येत नाही, म्हणजे त्याचं लाडकं अस्वल, ते पिशवीत घालून एक अख्खा दिवस फ्रीझरमध्ये आणि मग साधं धुवायचं. (अस्वलाला थंडी वाजेल म्हणून त्याने आधी स्वतःचा रुमाल पांघरायला दिला होता.) गादीला चेनवालं कव्हर घातलं. कोरडा झाडू त्या खोलीत पूर्ण बंद, कारण त्याने धूळ उडते आणि परत सगळीकडे बसते, आता ओल्या फडक्याने पुसतो.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र कपाटामागे निघाली. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून होतं, सरकवलं तर मागे काळ्या बुरशीचा पट्टा. नुसतं पुसून रंग मारला तर ती परत येते, पाणी कुठून येतंय ते शोधावं लागतं, आमच्याकडे वरच्या खिडकीच्या चौकटीतून झिरपत होतं. ते बंद केलं, भिंत पूर्ण वाळू दिली, मगच रंग, आणि कपाट आता वीतभर पुढे. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलंय, ५० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो, वर गेली की पंखा आणि खिडकी. रूम फ्रेशनर सासूबाईंनी स्वतःहून बंद केला, लिंबा-संत्र्याच्या वासाच्या अशा उत्पादनांमधलं लिमोनीन हे सुगंधी रसायन हवेतल्या ओझोनबरोबर मिसळून फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो हे त्यांनीच वाचून मला सांगितलं. रात्रीचा खोकला बराच कमी झालाय. यातल्या नेमक्या कशामुळे ते सांगता येणार नाही कारण सगळं एकदमच केलं.

*

वरच्या ताई, कपाट पुढे घ्यायचं आजच करतो. हवेचा विषय निघालाय म्हणून एक, घरातली झाडं हवा शुद्ध करतात यासाठी नासाच्या १९८९ च्या अभ्यासाचा दाखला देतात, पण तो छोट्या बंद पेटीतला प्रयोग होता. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला त्यात निघालं की खोलीत एरवी हवा खेळते तेवढाच परिणाम झाडांकडून साधायचा तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. मला झाडं प्रचंड आवडतात, घरभर आहेत, पण हवेसाठी आम्ही स्वयंपाक करताना एक्झॉस्ट आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडतो. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड हा श्वासाला त्रासदायक वायू येतोच, तो फोटोतल्या हिरव्यागार कोपऱ्याने जात नाही.

*

कंपोस्टवर कोणीच लिहिलं नाही अजून? मग मी लिहितो.

बाल्कनीत भोकं पाडलेला ड्रम आहे. नियम एकच लक्षात ठेवायचा, नुसतं ओलं टाकायचं नाही. साली, देठं, उरलंसुरलं यात नायट्रोजन जास्त, आणि वाळलेली पानं, पुठ्ठ्याचे तुकडे, लाकडाचा भुसा यात कार्बन जास्त. जिवाणूंना कार्बन नायट्रोजनच्या २५ ते ३० पट लागतो, हे मोजत बसायला नको, एक वाटी ओलं टाकलं की वर दोन-तीन वाट्या सुकं. बाकी ड्रम स्वतःच सांगतो. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर सुकं कमी पडलंय. सडका वास आला तर आत हवा जात नाही, तळापासून ढवळा. काहीच होत नसेल तर बहुतेक कोरडं पडलंय. मूठभर घेऊन दाबायचं, पिळलेल्या स्पंजासारखं ओलसर लागलं आणि एखादाच थेंब पडला तर बरोबर.

पांढरी बुरशी दिसली की लोक घाबरून अख्खा ड्रम रिकामा करतात, करू नका, तीच काम करत असते. जाड पांढरट-करड्या अळ्यासुद्धा बहुतेक वेळा सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, त्या चावत नाहीत की रोग पसरवत नाहीत, कचरा भराभर संपवतात. पण घरी कोणाला किळस वाटत असेल तर सुक्याचा थर वाढवा, कमी होतात. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चिलटांची तक्रार केली होती ती अगदी रास्त होती, आता दरवेळी वर वाळक्या पानांचा जाड थर घालतो आणि त्याच काकू आता माझ्याकडून खत नेतात.

याचं मोल मला का वाटतं तर हाच ओला कचरा डंपिंग ग्राउंडवर ढिगाखाली दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो, आणि मिथेन २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटीहून जास्त उष्णता अडवतो. शिवाय ओलं वेगळं गेल्यामुळे घरातल्या डब्याला वास येत नाही, पिशवीही लावावी लागत नाही. चाळून काढलेलं खत हातात घेतलं की वाटतं यात आपल्या घरातल्या कचऱ्याचं काहीच ओळखू येत नाहीये. फक्त मातीचा वास. अजूनही दरवेळी तेवढाच आनंद होतो.

*

मी मेन्स्ट्रुअल कपबद्दल (पाळीत पॅडऐवजी आत बसवायचा छोटा कप) लिहिते, कारण यावर उघडपणे कोणी बोलत नाही. सुरुवातीचे काही महिने नीट बसतोय का याची धाकधूक असते, ती जाते, घाई करू नका. २०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये आलेल्या आढाव्यात गळतीचं प्रमाण पॅडइतकंच किंवा त्याहून कमी दिसलं होतं, आणि एक कप नीट सांभाळला तर १० वर्षांपर्यंत चालतो. पाळी संपली की उकळून, पूर्ण कोरडा करून सुती पिशवीत, हवाबंद डब्यात नाही. आययूडी (गर्भनिरोधासाठी गर्भाशयात बसवतात ती) बसवलेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला, कप काढताना ती सरकू शकते. माझ्या मुलीने कापडी पॅड निवडले, तिला तेच बरे वाटतात आणि तेही छानच.

*

कपड्यांचं खातं आमच्याकडे माझ्याकडे असतं. वर ६० अंशांचं लिहिलंय ते अंथरुणांसाठी बरोबरच आहे, पण रोजच्या कपड्यांना मी गार पाणी लावतो कारण मशीनची बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते. मशीन भरल्याशिवाय लावत नाही. पावडर पाकिटावर लिहिलीये त्याच्या निम्मी टाकून बघा, आमचं पाणी मऊ आहे त्यामुळे तेवढ्यात निघतात, टॉवेलचा कडकपणाही गेला कारण तो न निघालेल्या साबणाचा होता. सॉफ्टनर तर टॉवेलला नकोच, पाणी टिपायचं बंद होतात.

सिंथेटिक कपड्यांचं मला जास्त वाईट वाटतं. २०१६ मध्ये प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांना ६ किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त तंतू सुटू शकतात असं दिसलं होतं, ते शेवटी पाण्यात जातात. आहेत ते कपडे टाकून देण्यात अर्थ नाही, आम्ही ते कमी वेळा धुतो, एकदा घातलं की टाकलं बास्केटमध्ये हे बंद. नवीन घेताना सुती बघतो.

*

"आहे ते टाकून देऊ नका" याला प्रचंड +१. पर्यावरणाच्या नावाखाली नवी खरेदी बघून मला कसंतरी होतं. डेन्मार्कच्या पर्यावरण विभागाने २०१८ मध्ये हिशोब मांडला होता, त्यात साधी सुती पिशवी नुसत्या हवामानावरच्या परिणामात पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाण्यापासून ओझोनपर्यंत सगळं धरलं तर हजारो वेळा. म्हणजे कार्यक्रमात फुकट मिळते म्हणून आणखी एक कापडी पिशवी घ्यायची नाही. आमच्याकडे जुन्या पडद्यांच्या शिवलेल्या आहेत, एक दाराच्या हुकला, एक गाडीत, एक प्रत्येकाच्या बॅगेत घडी करून. हुकला असते तीच वापरली जाते, कपाटात ठेवलेली कधीच नाही.

*

नॉनस्टिकबद्दल. आमच्याकडे लव्हबर्ड्स आहेत, त्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं की स्वयंपाकघराच्या जवळ ठेवता का. टेफ्लॉनचा लेप साधारण २६० अंशांच्या वर तापला की मोडायला लागतो, त्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतात, माणसालाही तापासारखा त्रास होतो. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं की हे तापमान भराभर गाठलं जातं. आता बिडाची कढई आणि स्टील. बिडाला तेलाचा हात लावून तापवत राहिलं की हळूहळू चिकटणं कमी होतं, थोडे दिवस कळ काढावी लागते. वजन जास्त असतं त्यामुळे आईला उचलता येत नाही, तिच्यासाठी एक नॉनस्टिक ठेवलंय, मध्यम आच, रिकामं तापवायचं नाही, चरा पडला की बदलायचं. पिंजरा दुसऱ्या टोकाच्या खोलीत.

*

माझं एकदम साधं आहे. फ्रीजमधला डोळ्यांसमोरचा कप्पा "आधी हे संपवा" म्हणून ठेवलाय, उरलेलं, अर्धं कापलेलं, तारीख जवळ आलेलं सगळं तिथे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून असं आहे, हे वाचून मी आमच्याकडे काय फेकलं जातं ते फ्रीजच्या दारावर लिहायला लागले. यादीत बहुतेक मागच्या बाजूला ढकललेल्या वस्तू निघाल्या, ज्या कोणाला दिसल्याच नव्हत्या. आता झाकणं पारदर्शक आणि डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख. आत एक थर्मामीटर आहे, ४ अंशांच्या वर जाऊ देत नाही, आणि दारातल्या कप्प्यांमध्ये गारवा सगळ्यात कमी असतो म्हणून लवकर नासणारं काहीही दारात नाही. मुलं शाळेतून आली की आधी तोच कप्पा उघडतात, त्यामुळे बऱ्याचदा संध्याकाळी तिथे उरलेलंच नसतं काही.