मदत हवी आहे: निपाणीहून अँजिओप्लास्टीला बेळगाव की कोल्हापूर? कार्ड कुठलं चालेल?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणीचे. वडील ६३ वर्षांचे, सगळी हयात तंबाखूच्या वखारीत गेली, त्यात शुगर. चढ चढताना छातीत भरून यायचं म्हणून कोल्हापुरात अँजिओग्राफी केली. दोन ब्लॉकेज निघाले, एक ९० टक्के. गोळ्या चालू आहेत, पण डॉक्टर म्हणतात स्टेंट लवकर टाकून घ्या.

घोडं अडलंय ते कार्डावर. आमचं बीपीएल कार्ड कर्नाटकचं. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि बहीण कोल्हापुरातच दिलेली, त्यामुळे डबा-मुक्काम तिकडं सोयीचा. काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटंपालटं करून परत सरकवलं, "हे इथं चालत नाही काका." रोखीनं करायचं तर व्याजानं पैसे काढावे लागतील.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना मोफत उपचारांची महात्मा फुले योजना लागू केली. कर्नाटकनं त्यावर आक्षेपही घेतला. ते राजकारण राहू दे बाजूला. प्रत्यक्षात या योजनेतून आपल्याकडच्या कुणाचा स्टेंट बसलाय का? कागद कुठले लागले?

आणि रात्री-अपरात्री दुखलंच तर १०८ कोल्हापूरला नेते का?

---

प्रतिसाद, चिक्कोडीहून:

फुले योजनेचं तिकडच्या आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) विचारा, पण त्यावर विसंबून थांबू नका. बीपीएल असाल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. ठरवून करायच्या अँजिओप्लास्टीला आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती न घेता थेट बेळगावला गेलात तर हेलपाटा पडेल. इमर्जन्सीत चिठ्ठी लागत नाही. कोल्हापूरची सीडी आणि रिपोर्ट सोबत न्या.

रोखीनं करायची वेळ आलीच तर बिलात स्टेंट वेगळा दाखवायला सांगा. त्याची कमाल किंमत केंद्रानं २०१७ पासून बांधून दिलीय.

रात्री दुखलं तर कोल्हापूर-बेळगावचा विचार नंतर. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी. पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत तालुका दवाखान्यांत गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन फुकट देतात, ईसीजी मोठ्या केंद्रातले डॉक्टर बघतात. निपाणीत ते मिळतं का, रात्री कोण असतं, हे उद्याच जाऊन विचारून या.